एकतीस नंबरची बादली

आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नकोच म्हणायचं, पण जरा हळू. तिसऱ्यांदा विचारलं की मग "बरं, अगदीच म्हणतेस तर अर्धा कप दे" असं म्हणून भरलेला कप घ्यायचा. वेस्टरडालमध्ये हे कुणाला शिकवावं लागत नाही. मिनेसोटातल्या या आमच्या गावात निम्म्याहून जास्त लोकांचे पणजोबा-खापरपणजोबा नॉर्वेतून आले. त्यांचे लाकडी पेटारे आता वाचनालयाच्या तळघरात मांडून ठेवलेत. ही नको-नको करायची सवय मात्र अजून आमच्या स्वयंपाकघरांत आहे.

या सवयीपायी मी माझ्या सख्ख्या भावाशी अकरा वर्षं हवापाण्यापलीकडे बोलले नाही. भांडण कशावरून, तर रुबार्बवरून. हसू नका.

आमच्या आईच्या शेतावर परसात रुबार्बचा मोठा ताटवा होता. देठ लाल आणि आंबटढोण, पानं विषारी. पण देठ चिरून साखर घालून शिजवले की मेपर्यंत बर्फ बघून विटलेल्या माणसाला पुन्हा जगावंसं वाटतं. आमची पणजी गुनहिल्ड हिने त्याचा गड्डा नॉर्वेतल्या टेलेमार्कमधून ओल्या लोकरी मोज्यात गुंडाळून मांडीवर धरून आणला होता. आमच्यात रुबार्ब कुणी दुकानातून आणत नाही. तो या घरातून त्या घरात जातो, आणि तोही मागायचा नसतो. देणाऱ्याने आपणहून विचारायचं असतं.

आई अकरा वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये गेली. दफन उरकून चर्चच्या तळघरात सगळे जेवायला बसले होते, तेव्हा माझा मोठा भाऊ ओर्लिन माझ्याजवळ आला आणि टोपी हातात फिरवत म्हणाला, "आईचा रुबार्ब फोडायला झालाय. तुला एक गड्डा हवाय का?"

"नको रे, कशाला उगाच," मी म्हटलं.

आठवड्याने त्याचा फोन आला. पावसाचं बोलून झालं, मग म्हणाला, "तो रुबार्ब... नेतेस का?"

"राहू दे, तुझी पेरणीची घाई असेल," मी म्हटलं. जरा हळूच म्हटलं.

मग मी तिसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसले. कुंपणाजवळची चांगली उन्हाची जागा खणून, शेणखत घालून तयार ठेवली. फोनजवळ बसून स्वेटर विणायला घेतला. एरवी मी सुई हातात धरत नाही. एप्रिल संपला, मे संपला. फोन आला नाही. शेवटी त्या जागेत मी कांदे लावले, आणि दरवर्षी तिथे कांदेच लावते.

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे, हे सगळं गाव जाणतं. पास्टरच्या बायकोने पडदे का बदलले, बँकेतला नवा माणूस घटस्फोटित आहे की विधुर, हे आधी मला कळतं. पण जगाच्या उचापती करणारी मी, "ओर्लिन, तू तिसऱ्यांदा का विचारलं नाहीस?" एवढं काही भावाला विचारू शकले नाही. दरवर्षी सतरा मेला, म्हणजे आमच्या नॉर्वेच्या सणाला, मिरवणूक बघायला तो बँकेच्या बाजूला उभा राहायचा आणि मी पोस्टाच्या बाजूला. मध्ये बँडवाली मुलं, ट्रॅक्टर आणि झेंडे. जेवायला येतोस का म्हणून मी फोनवर एकदा विचारायचे, तो नको म्हणायचा, आणि मी पुढे विचारायचे नाही. मीच का झुकू?

या वर्षी ओर्लिनने शेत विकलं. वीस मेला तो अ‍ॅरिझोनात मुलीकडे कायमचा राहायला जाणार होता. नवा मालक परसावर नांगर फिरवणार, असं दुकानात ऐकलं. अ‍ॅरिझोनात रुबार्ब जगत नाही, हेही मी पुस्तकात बघून घेतलं. रुबार्ब जाणार होता आणि भाऊही जाणार होता, आणि माझ्या हातात एक आठवडा होता.

अशात नॉर्वेहून इंगविल्ड आली. नात्याने आमच्या आजीच्या चुलतघराण्यातली, तिशीतली, लांब पायांची मुलगी. जुन्या बागांमधली झाडं शोधून त्यांची नोंद करायची, हेच तिचं काम. सतरा मे आमच्याबरोबर साजरा करायचा आणि गुनहिल्डचा रुबार्ब बघायचा, अशी दोन्ही कामं घेऊन ती आली होती. आल्या दिवसापासून मला सरळ अर्लिस म्हणू लागली आणि माझा नवरा मिल्टनलाही मिल्टन. तिच्याकडे तशीच पद्धत.

पहिल्या सकाळी मी विचारलं, "कॉफी घेशील?"

"हो," ती म्हणाली.

मी किटली हातात घेऊन तशीच उभी राहिले. माझे अजून दोनदा विचारायचे राहिले होते.

"काय झालं?" तिने विचारलं. मग मी तिला आमची रीत सांगितली. तिने वही काढली. "म्हणजे हवं असलं तरी नको म्हणायचं? आणि समोरच्याला ते कळतं?"

"कळतं की. तीनदा विचारतात ना."

"आणि कुणी दोनदाच विचारलं तर?"

मी वाटाण्याला काठ्या लावायच्या राहिल्यात म्हणून बागेत निघून गेले. मिल्टन वर्तमानपत्रामागे खोकला.

पंधरा तारखेला इंगविल्ड आमची गाडी घेऊन एकटीच ओर्लिनच्या शेतावर गेली. मी काही निरोप दिला नाही. दुपारभर मी तोच एक वाफा तीनदा उकरला. ती परत आली ती कोपरापर्यंत मातीने भरलेली, आणि काखेत लालभडक देठांची जुडी.

"ओर्लिनने दिले?" मी विचारलं.

"मी मागितले, त्याने दिले."

"मागितलेस?"

"मग कसे मिळणार?" तिने जुडी सिंकमध्ये ठेवली. "अर्लिस, एक गंमत सांगू? मी त्याला विचारलं, हा अर्लिसच्या बागेत का नाही? तर तो म्हणाला, तिला दिलाय की. अकरा वर्षं झाली. आवडला की नाही, एका शब्दाने बोलली नाही."

माझ्या हातातला डाव ओट्यावर आपटला. "खोटारडा! मेल्याने दोनदा विचारलं. दोनदा! चर्चमध्ये एकदा आणि फोनवर एकदा. मी काय मोजायला चुकते?"

"पण तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही," इंगविल्ड म्हणाली. "त्याचे डोळे भरून आले होते. बरं, तो म्हणतो दिला, आणि तुझ्याकडे नाही. मग तो गेला कुठे?"

हा प्रश्न मला अकरा वर्षांत सुचला नव्हता. चौकशा करण्यात माझा हात धरणारं गावात कुणी नाही, आणि स्वतःच्या बाबतीत मी नुसती फुगून बसले होते. त्या संध्याकाळी बटाट्याच्या पोळ्या, आमचा लेफ्सा, लाटताना माझं लक्ष लागेना. तीन पोळ्या करपल्या. मिल्टनने त्या मुकाट्याने खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर टेबलावर दोन वाट्या. एक निळी, एक पांढरी. दोन्हींत शिजवलेला रुबार्ब.

"एक ओर्लिनचा आहे," इंगविल्ड म्हणाली. "दुसरा मी कुंपणापलीकडून आणलाय, लव्हॉनकडून. मला सांग कुठला कुठला."

लव्हॉन आमची शेजारीण. बाई सोन्यासारखी, पण तिचा रुबार्ब म्हणजे नुसत्या दोऱ्या. ती दरवर्षी कुंपणावरून विचारते, "नेतेस का गं थोडा?" नियमाने तीनदा विचारते बिचारी. आणि गावात फक्त मीच अशी की तिसऱ्यांदाही नको म्हणते. चर्चमध्ये तिने रुबार्बचं सारण भरून भाजलेला गोड 'पाय' आणला की मी अर्धा तुकडा ताटलीत टाकून उठते आणि लोकांना दिसेल असा टाकते.

मी निळ्या वाटीतला चमचाभर तोंडात घातला. आधी आंबट, मग साखर, आणि शेवटी तो किंचित हिरवा वास. मला आईचं स्वयंपाकघर आठवलं, तिचे मनगटापर्यंत लाल झालेले हात आठवले. रडू आलं, ते मी लपवलं नाही.

"हा आईचा," मी म्हटलं. मग पांढऱ्या वाटीतला चाखला. "आणि हा लव्हॉनचा. चोथा."

इंगविल्ड माझ्याकडे बघत राहिली. "निळी वाटी लव्हॉनची आहे."

"काहीतरीच! तू वाट्या बदलल्यास."

"नाही बदलल्या. आणि अर्लिस, पांढऱ्या वाटीतला चोथा नाहीये. इकडे ये." खिडकीच्या कट्ट्यावर तिने दोन देठ आडवे कापून ठेवले होते आणि शेजारी भिंग. "मुळाशी हे दाट लाल ठिपके बघ. साल ओढ, दोन्हींची एका पट्टीत निघते. पानाखालची ही लव बघ. मी शेकडो रुबार्ब बघितलेत, असा एकही नव्हता. ओर्लिनचं आणि लव्हॉनचं झाड एकच आहे. एकाच गड्ड्याचे दोन तुकडे."

मी दोन्ही साली ओढून बघितल्या. एकसारख्या निघाल्या. मग मी पायात चपला आहेत की नाहीत हेही न बघता कुंपणाकडे निघाले.

लव्हॉन दोरीवर आपला बुनाद वाऱ्याला घालत होती. लाल कबजाचा तो लोकरी झगा वर्षातून एकदा पेटीतून निघतो, आणि त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो.

"लव्हॉन, हा रुबार्ब तुला कुणी दिला?"

"मिल्टनने," ती तोंडातला चिमटा काढून म्हणाली. "का गं?"

"कुठल्या मिल्टनने?"

"तुझ्या! गावात दुसरा कोण आहे? आणून देताना म्हणाला, कुणीतरी दारात ठेवून गेलंय, अर्लिसला नकोय, तुला लागेल का. या बादलीतून आणला होता."

तिने पायाजवळची कपड्यांच्या चिमट्यांची बादली दाखवली. ती बादली मी रोज बघत होते. माझ्या बाजूला तिची गंजकी पाठ असायची. लव्हॉनने चिमटे गवतावर ओतले आणि बादली फिरवून माझ्यासमोर धरली. लाल रंगात, वाकड्या ब्रशने काढलेला आकडा होता, ३१.

तो आमच्या बाबांचा डेअरीतला नंबर. आमच्या दुधाच्या प्रत्येक कॅनवर आणि प्रत्येक बादलीवर बाबांच्या हाताने घातलेला. मी लहानपणी त्या आकड्यावरून बोट फिरवायचे.

"म्हणून तर दरवर्षी तुला विचारायचे," लव्हॉन म्हणाली. "तुमच्याच दारातला ना तो. तू तिसऱ्यांदाही नको म्हणायचीस. मला वाटायचं, एवढा काय राग गं बाई एका भाजीवर?"

मिल्टन पुढच्या पायऱ्यांवर बसून झेंड्याची काठी घासत होता. मी बादली त्याच्या पुढ्यात ठेवली.

"ही ओळखतोस?"

त्याने चष्मा वर केला. आमच्या मिल्टनला काही विचारलं की तो आधी अख्खा विचार करतो. "ओळखतो."

"ही आपल्या दारात होती?"

"होती."

"आणि तू लव्हॉनला दिलीस?"

"रुबार्ब दिला. बादली तिने परत केली नाही."

"का दिलास, मिल्टन?"

"तू म्हणाली होतीस."

"मी?"

"हो. आदल्या संध्याकाळी भांडी घासताना. म्हणालीस, आता त्याने दारात आणून ठेवला ना, तरी मी हात लावणार नाही. दोनदा म्हणालीस. सकाळी मी दार उघडलं तर दारातच. मला वाटलं, तुला दिसला तर उगाच मनस्ताप होईल. तू उठायच्या आत हलवला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस," मिल्टन म्हणाला, आणि पुन्हा काठी घासू लागला. पण त्याचे कान लाल झाले होते.

मी त्याच्यावर ओरडणारच होते. ओरडायचं कुणावर? ओर्लिनने तिसऱ्यांदा विचारलं होतं. तो बोलका नाही, म्हणून पहाटे दूध काढायच्या आधी सात मैल गाडी हाकत येऊन, गड्डा फोडून, ओल्या मातीत घालून, बाबांच्या बादलीतून दारात ठेवून गेला होता. आणि मी त्याला साधं थँक्यूही म्हटलं नव्हतं. अकरा वर्षं. मला माझीच लाज वाटली, आणि ती लाज मी पायरीवर मिल्टनच्या शेजारी बसून पुरती सोसली. इंगविल्डने आम्हा दोघांना कॉफी आणून दिली. विचारलं नाही, नुसती हातात दिली.

"आता फोन कर," ती म्हणाली.

"फोनवर आम्ही फक्त पावसाचं बोलतो," मी म्हटलं. "उद्या मिरवणुकीत गाठते. मधून रस्ता ओलांडून जाते."

सतरा मेला कोरडं, गार ऊन पडलं. मी बुनाद घातला, छातीवर आईची चांदीची पिन लावली आणि हातात एकतीस नंबरची बादली घेऊन पोस्टासमोर उभी राहिले. लोक बघत होते. बँड आला, ट्रॅक्टर आले, बालवाडीची मुलं झेंडे हलवत गेली. मी पलीकडे बँकेच्या पायरीकडे बघितलं. ओर्लिनच्या जागी कुणी नव्हतं.

तो आधीच गेला की काय?

"मिल्टन, गाडी काढ," मी म्हटलं.

"मिरवणूक संपली नाही," मिल्टन म्हणाला.

"काढ म्हणते ना!"

सतरा मेची मिरवणूक मी आयुष्यात पहिल्यांदा अर्धी सोडली. इंगविल्ड मागे बसली.

शेतावर ओसरीत खोक्यांची रास होती. ओर्लिन परसात उभा होता. पांढरा सदरा, चांगली पॅन्ट, खिशाला लाल-पांढरी-निळी फीत. सगळी तयारी करून गावात आला मात्र नव्हता. रुबार्बच्या ताटव्यापुढे नुसता उभा होता.

मला बघून म्हणाला, "वारं गार आहे."

"हो. उत्तरेचं आहे," मी म्हटलं.

मग त्याला बादली दिसली. त्याचा चेहराच बदलला. मी एका दमात बोलून टाकलं, नाहीतर बोललेच नसते. "ओर्लिन, ही मला मिळालीच नाही. मिल्टनने सकाळीच शेजारी देऊन टाकली. मीच आदल्या दिवशी तोंडाला येईल ते बरळले होते. मला कालपर्यंत ठाऊक नव्हतं. मला वाटलं, तू तिसऱ्यांदा विचारलंच नाहीस."

ओर्लिनने मिल्टनकडे बघितलं. मिल्टनने आभाळाकडे बघितलं.

"मिळालीच नाही," ओर्लिन हळूच म्हणाला. "पहिल्या वर्षी मला वाटलं, अजून तोडायला झाला नसेल, म्हणून बोलली नाही. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता देठ धरले असतील, आता बोलेल. दर रविवारी चर्चमध्ये मी तुझ्याकडे बघायचो. मग वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. आईच्या आजारपणात मी तुला लवकर कळवलं नाही, त्याचा राग असेल."

"तसं काही नव्हतं रे. तसं कधीच नव्हतं," मी म्हटलं. "ओर्लिन, मला आईचा रुबार्ब हवाय."

असं सरळ मागितलेलं मला आठवत नाही. माझ्या घरातल्या कुणीच कधी मागितलं नव्हतं. ओर्लिनने बराच वेळ नाक पुसलं. मग गोठ्याच्या भिंतीला टेकवलेलं फावडं आणलं.

"आता फोडायला उशीर झालाय," तो म्हणाला. "पानं केवढी झालीत बघ. मान टाकेल."

"पानं कापते. आठवडाभर सावली धरते."

"पाणी रोज घाल."

"घालते."

त्याने चांगल्या पॅन्टवर गुडघा टेकला आणि गड्ड्याच्या मधोमध फावडं घातलं. तो करकर आवाज ऐकून मला आईच आठवली. ओला, पिवळाधमक गर उघडा पडला. इंगविल्डने वाकून वास घेतला आणि वहीत काहीतरी लिहिलं. एक गड्डा बादलीत गेला. ओर्लिनने दुसऱ्यावर फावडं टेकवलं आणि सवयीने विचारलं, "दुसराही नेशील का?"

"हो," मी म्हटलं.

त्याचं फावडं तिथेच थांबलं. त्याने मान वर करून माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चर्चमध्ये शिट्टी वाजवली. मग तो हसला. अकरा वर्षांनी तो माझ्यासमोर दात दाखवून हसला, आणि मला दिसलं की त्याचा पुढचा एक दात पडलाय. तो कधी पडला हे मला ठाऊक नव्हतं.

"कांदे उपटावे लागतील," मी म्हटलं. "कुंपणाजवळ जागा तुझ्या रुबार्बसाठीच ठेवली होती. जेवायला चल. जागा दाखवते."

"नको, तुमच्याकडे पाहुणी आहे. कशाला उगाच."

"चल रे. सायीची लापशी केलीय. लेफ्सा आहे."

"नको नको," तो जरा हळू म्हणाला. "माझी खोकी भरायची राहिलीत."

मी पंपावर हात धुवायला वळले. बुनादाच्या बाह्या वर केल्या, नखांतली माती काढली, आणि तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडून मागे फिरले, तर परसात कुणीच नव्हतं. ओर्लिन गाडीत मागच्या सीटवर इंगविल्डच्या शेजारी जाऊन बसला होता. दार लावून घेतलं होतं आणि एकतीस नंबरची बादली मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती.

तरीही मी खिडकीपाशी गेले. काच खाली झाल्यावर वाकून विचारलं, "ओर्लिन, जेवायला येतोस का?"

"बरं," ओर्लिन म्हणाला, "अगदीच म्हणतेस तर."